मळ्यातली खोली: लिहायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

फोनवर तेच तेच प्रश्न येतात, आणि फोन येतो तेव्हा मी एकतर गोठ्यात असते नाहीतर गुऱ्हाळावर. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही. ज्यांना यायचंच आहे त्यांनी निदान आवाजाबद्दलचा आणि ऊसतोड मजुरांबद्दलचा प्रश्न वाचावा, म्हणजे आल्यावर तोंड पाडून बसायची वेळ येणार नाही.

ही नेमकी काय सोय आहे?

करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला आमचा सात एकरांचा मळा आहे. ऊस, थोडं भात, चार म्हशी आणि हंगामात चालणारं गुऱ्हाळ. मळ्यात दोन खोल्या रिकाम्या पडून होत्या. एकीत पूर्वी गूळ ठेवायचो, दुसरीत खताची पोती. त्या लिंपून, चुना मारून, टेबल-खुर्ची-कॉट घालून लिहिणाऱ्यांना राहायला देतो. एका वेळी दोन माणसं, कमीत कमी चौदा दिवस, जास्तीत जास्त अठ्ठावीस. शहरात याला रायटर्स रेसिडेन्सी म्हणतात. गावात म्हणतात, ‘ती लिवणारी आल्यात मळ्यात.’

गुळाच्या खोलीच्या भिंती दीड हात जाड आहेत, त्यामुळे ती उन्हाळ्यातही गार असते. पण तिथे अजून गुळाचा वास येतो आणि मुंग्यांना तो आपल्या आधी कळतो. कॉटचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले दिसतील. त्या वाट्या हलवू नका. एका कवींनी नीटनेटकेपणाच्या हौसेने त्या उचलून मोरीत ठेवल्या आणि रात्री दोनला आमचं दार वाजवलं.

म्हणजे कृषी पर्यटनच ना?

नाही. बैलगाडीची फेरी नाही, हुरडा पार्टी नाही, फेटा बांधून फोटो नाही. बैलही नाहीत, ट्रॅक्टर आहे आणि त्याचे हप्ते आहेत. शेत हे आमचं पोट आहे. ते तुमच्यासाठी थांबत नाही, सजत नाही आणि तुम्हाला दाखवायला म्हणून काही करत नाही. मला स्वतःला याचा फार उपयोग झाला. मी इथे बसून पहिल्यांदा सलग लिहिलं तेव्हा ध्यानात आलं, की आसपासची सगळी माणसं आपापल्या कामाला लागलेली असली की आपल्यालाही मूड येण्याची वाट बघायची लाज वाटते.

कोण येऊ शकतं?

कथा, कविता, नाटक, अनुवाद, प्रबंध, कुठलंही. पुस्तक छापलेलं असलं पाहिजे असं नाही. हातात चालू असलेलं काम मात्र पाहिजे. ‘तिथे आल्यावर काहीतरी सुचेल’ असं लिहिणाऱ्यांना आम्ही सहसा नाही म्हणतो, कारण सुचत नाही. झोप येते. कन्नड, इंग्रजी, हिंदी, कुठल्याही भाषेत लिहा. आबांशी चार वाक्यं बोलता यावीत, एवढंच. आबा म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या घरात आणि मळ्याचा कारभार अजून त्यांच्याकडेच.

कधी यावं?

दिवाळीच्या पाडव्यापासून मेअखेरपर्यंत आम्ही खुले असतो. पण या सात महिन्यांत मळा एकसारखा नसतो, म्हणून कुठला महिना ते विचार करून ठरवा.

दिवाळीनंतर तोड सुरू होते आणि गुऱ्हाळही पेटतं. फेब्रुवारीपर्यंत इथे माणसं, धूर, ट्रॅक्टर आणि गोडसर वास यांची नुसती गर्दी. कादंबरी लिहिणाऱ्यांना ही गर्दी आवडते. कवी बहुतेक चार दिवसांनी कानात कापूस मागतात. मार्चमध्ये तोडलेल्या रानात पाचट पसरलेलं असतं आणि खोडव्याचे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेले, कोंब वर येतात. तेव्हा मळा उजाड दिसतो खरा, पण शांत असतो. माझ्या मते लिहायला हाच महिना सगळ्यांत चांगला, आणि नेमका तोच कुणी मागत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्रा तापतो, तेव्हा पहाटे लिहायचं आणि दुपारी आडवं व्हायचं. मेच्या शेवटी धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात, भात पेरायची घाई असते. त्या आठवड्यात आमच्याकडून गप्पांची अपेक्षा ठेवू नका.

जूनपासून दिवाळीपर्यंत बंद. पावसात नदीकाठी किती छान वाटेल, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर गेली की धोका, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. आमच्या पंपघराचा पत्रा तेवढा दिसत होता. पाऊस लागला की पहिलं काम म्हणजे नदीवरची मोटर दोर लावून वर ओढणे. त्या दिवसांत पाहुण्याला कुठे न्यायचं, ही आणखी एक काळजी आम्हाला नको.

दिवस कसा असतो?

साडेचारला धारा, सहाला डेअरीला दूध. सातला तुमचा चहा, नऊला न्याहारी, दीडला जेवण, रात्री आठला जेवण. मधला सगळा वेळ तुमचा. कुणी दार वाजवणार नाही. आबा मात्र संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात आणि समोरून जाणाऱ्याला विचारतात, ‘काय, लिवलासा काय आज?’ ही चौकशी आहे, तपासणी नव्हे. ‘न्हाई’ म्हटलं तरी चालतं. ‘आमचंबी आज पाणी आलं न्हाई,’ असं म्हणून ते विषय बदलतात.

शांतता असते ना?

या प्रश्नाचं खरं उत्तर दिल्यावर निम्मे लोक पुन्हा फोन करत नाहीत. करू नयेच.

शांतता नसते. हंगामात उसाचा घाणा पहाटेपासून चालतो. म्हशी ओरडतात. कुत्री भांडतात. रात्री एक-दोनच्या सुमाराला कारखान्याला जाणारा उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन जातो आणि त्यावर मोठमोठ्या स्पीकरवर गाणी असतात. ट्रॅक्टरवाल्याला झोप लागू नये म्हणून ती लावलेली असतात, त्यामुळे आवाज कमी कर म्हणायला तोंड होत नाही. तुम्हाला पहिल्या दोन रात्री राग येईल. चौथ्या रात्री गाणी पाठ होतील.

आवाज इथे भरपूर आहेत, पण त्यांतला एकही तुम्हाला हाक मारत नसतो. शहरात बेल वाजते ती आपल्यासाठी, फोन वाजतो तो आपल्यासाठी. इथे म्हैस ओरडते ती तुमच्यासाठी नाही. हा फरक अंगवळणी पडला की कागदावरून मान वर होत नाही. माझा तरी असा अनुभव आहे. ज्यांना टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता लागते त्यांनी प्रामाणिकपणे दुसरी जागा बघावी.

शेतात काम करावं लागतं का?

नाही. करायचंच असेल तर आधी सांगा आणि धरलेलं काम पुरं करा. अर्धी सरी खुरपून पाठ धरून बसलेला पाहुणा म्हणजे आम्हाला दोन कामं: उरलेली सरी आणि पाहुणा. उसात शिरायचं तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. पात्याच्या कडा कापतात आणि देठावरची कूस अंगात घुसली की दोन दिवस खाजवत बसाल.

एक गोष्ट मात्र मागितलीत तर आम्ही आनंदाने देतो, ती म्हणजे रात्रीचं पाणी. शेतीची थ्री फेज लाइट पाळीपाळीने असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की माझे यजमान बॅटरी आणि फावडं घेऊन निघतात. त्यांच्या मागून चला. वाढलेल्या उसात बॅटरीचा उजेड चार पावलांपलीकडे जात नाही. पाणी सरीच्या शेवटाला पोचलं की नाही ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून ते दुसऱ्या टोकाला अनवाणी उभे राहतात आणि पायाला गार लागलं की ओरडतात, ‘आलं!’ मग या टोकाला दारं, म्हणजे सरीच्या तोंडाची माती, मोडून पाणी पुढच्या सरीत सोडायचं. असं पहाटेपर्यंत. अनुवाद करायला आलेल्या एक बाई चार रात्री हे करायला गेल्या. दिवसा झोपल्या, एक ओळही लिहिली नाही, आणि पाचव्या दिवशी बसल्या त्या उठल्याच नाहीत. प्रत्येकाचं असं होईल, असं मी म्हणत नाही.

गुऱ्हाळ बघता येतं का?

येतं, पण काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, दोन हात लांब उभं राहून. पहाटे तीनला चुलवाण पेटतं. जळण म्हणजे चिपाडं, रस काढून वाळवलेली. रस तापायला लागला की हिरवट काळी मळी वर येते. त्यात भेंडीचं पाणी सोडतात. भेंडीची झाडं ठेचून भिजवली की जे बुळबुळीत पाणी निघतं ते. त्याने मळी गोळा होते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. पुढचे दोन-अडीच तास सगळं गुळव्याच्या, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराच्या, डोळ्यांवर. उकळी आधी पांढरट, मग पिवळी, मग तांबूस होत जाते, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात. गुळव्या थंड पाण्यात बोटं बुडवतो, उकळत्या काहिलीतून पाक उचलतो, पुन्हा पाण्यात धरतो, गोळी वळतो आणि काहिलीच्या काठावर मारतो. गोळी वाजली की आदण, म्हणजे काहिलीभर गूळ, झालं. पाकाचं तापमान त्या वेळी ११८ अंशांच्या आसपास असतं, असं पुस्तकं सांगतात. आमच्या गुळव्याने थर्मामीटर फक्त ताप आल्यावर बघितलाय. मग काहील कलंडते, पाक वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात, पसरतो, घोटून घोटून घट्ट होतो आणि फडकं घातलेल्या भांड्यांत भरला जातो. त्याचे रवे, म्हणजे ढेपा, होतात. एक टन उसाला साधारण शंभर ते एकशेवीस किलो गूळ.

आदण उतरतानाच्या त्या पाच मिनिटांत कुणालाही काही विचारू नका. एक मिनिट इकडचं तिकडं झालं तर सगळा गूळ चिकट राहतो नाहीतर करपतो. आणि पिवळाधमक गूळ बघायला येणार असाल तर निराश व्हाल. रंग उजळायला पावडर घालत नाही, त्यामुळे आमचा गूळ काळपट असतो आणि सौद्यात भाव कमी मिळतो. आबांचं आणि माझ्या यजमानांचं यावरून दर हंगामाला भांडण होतं. ते तुम्हाला ऐकू येईल. आल्यासारखं दाखवू नका.

जेवणाचं काय?

भाकरी, आमटी, भात, उसळ किंवा भाजी, खर्डा, ताक. बुधवारी आणि रविवारी मटण, त्यात तांबडा-पांढरा आला. न खाणाऱ्यांचं वेगळं होतं. हंगामात ताजी काकवी असते, ती भाकरीबरोबर खाऊन बघा. तिखट झेपत नसेल तर पहिल्याच दिवशी सांगा. चौथ्या दिवशी डोळे पुसत सांगितलंत तर जाऊबाईंना वाईट वाटतं, कारण स्वयंपाक त्यांचा.

जेवायला घरी यायचं, मळ्यातून सात मिनिटं चालत. डबा खोलीवर पाठवत नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरोला संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांच्या पत्नी मॅरियन यांच्या शेतावर १९०७ पासून अशी जागा चालते. तिथे दुपारचं जेवण टोपलीत भरून कलावंताच्या झोपडीच्या दाराशी गुपचूप ठेवून जातात. ऐकायला फार गोड आहे. पण ती टोपली भरणारी आणि पोचवणारी पगारी माणसं आहेत. आमच्याकडे ती बाई म्हणजे मी नाहीतर जाऊबाई. आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचं तोंड न बघता जेवण्यात कसली प्रतिभा फुलते, ते मला अजून समजलेलं नाही. ताट आपलं आपण विसळायचं. पुरुषांनीही. पुरुषांनी आधी.

खर्च किती?

दिवसाला पाचशे रुपये, राहणं आणि जेवण धरून. एका हंगामात एक जागा बिनपैशांची असते. ती शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या घरातून आलेल्या आणि अजून पुस्तक न झालेल्या मुलामुलींसाठी आहे. दरवर्षी आहे. त्या जागेला अर्ज कमी येतात. माहितीत कुणी असेल तर सांगा.

ऊसतोड मजुरांशी बोलून लिहायचं आहे. चालेल का?

हा प्रश्न आता सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आजूबाजूच्या भागांतून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि ती फेडायला अख्खा हंगाम जातो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढते. रानात खोपी असतात. पहाटे अंधारात काम सुरू होतं. गाडी भरायची वेळ त्यांच्या हातात नसते, म्हणून झोपायचीही नसते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली देशभर गाजल्या. त्यानंतर वही घेऊन येणारे वाढले.

येऊ नका असं मी म्हणणार नाही. लिहिलं गेलं पाहिजे. पण आमच्या काही अटी आहेत. काम चालू असताना जायचं नाही, कारण भरलेल्या मोळीवर त्यांचा पैसा आहे आणि तुमच्या प्रश्नाला मोळीचा भाव नाही. खोपीपाशी बोलावलं तरच जायचं. खोपीला दार नसतं, म्हणून ती उघडी आहे असं समजायचं नाही. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायची तयारी ठेवायची आणि ‘हे काढा’ म्हटलं की काढायचं.

दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्यांनी एका बाईला तासभर प्रश्न विचारले. तिने सगळी उत्तरं दिली आणि उठताना विचारलं, ‘हे लिहून तुमाला काय भेटतंय?’ तिला टोमणा मारायचा नव्हता. खरोखरच भाव विचारत होती, टनाला किती असं. पाहुणे गप्प झाले. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी वही बंद करून पाणी कुठून आणता वगैरे साधं बोलायला सुरुवात केली.

आणि तुमच्या घराबद्दल लिहिलं तर?

लिहा. नावं बदला. घरच्या स्वयंपाकाबद्दल लिहायचं तर जाऊबाईंचं श्रेय मला देऊ नका.

नेट आणि रेंज?

बांधावरच्या जांभळाखाली रेंज येते. खोलीत नाही. वायफाय घ्यायचा विचार दोनदा केला आणि दोन्ही वेळा पाहुण्यांनीच मोडता घातला. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर एक दिवा, पंखा आणि लॅपटॉप चालतो.

एकट्या बाईला राहणं सुरक्षित आहे का?

आत्तापर्यंत आलेल्यांत निम्म्याहून जास्त बायकाच आहेत. खोलीला आतून अडसर आहे, संडास-बाथरूम जोडलेलं आहे, पन्नास पावलांवर गोठ्यात रात्री माणूस झोपतो. गावात पहिले दोन दिवस ‘कुणाच्या कोण?’ असं विचारतील. ‘मळ्यातल्या वैनींकडं आलोय’ म्हटलं की पुरतं. रात्री एकटीने नदीला जाऊ नका. पुरुषांनाही हेच सांगते.

साप, बिबट्या?

साप आहेत. घोणस, नाग, मण्यार तिन्ही. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, चपला झटकून घालायच्या, जमिनीवर झोपायचं नाही. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. हातपाय न हलवता पडून राहायचं आणि हाक मारायची. गाडी सरळ कोल्हापूरला सीपीआरला, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्याला, निघते.

बिबट्या क्वचित. गवा जास्त. राधानगरीच्या अभयारण्यातून भरकटलेला गवा अधूनमधून उसात येतो. लांबून म्हशीसारखा वाटतो, पण म्हैस तुमच्या अंगावर येत नाही. फोटोसाठी पुढे जाऊ नका, गर्दी जमवू नका, घरी येऊन सांगा.

कसं पोचायचं?

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालात की सकाळी कोल्हापूर. पुण्याहून एस.टी. भरपूर. कोल्हापुरात रंकाळा स्टँडवरून आमच्या बाजूच्या गाड्या सुटतात. गावाचं नाव आणि नकाशा निवड झाल्यावर पाठवतो, कारण मध्यंतरी लोक सहज बघायला म्हणून गाड्या भरून यायला लागले होते.

तिथे राहूनही लिहून झालं नाही तर?

पैसे परत मिळत नाहीत, रागावत कुणी नाही. कामाचा हिशोबही मागत नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी ज्याला वाटेल त्याने कट्ट्यावर बसून चार पानं वाचावीत, अशी पद्धत पडली आहे. सक्ती नाही. ऐकायला आम्ही घरचे, गुळव्या, शेजारची दोन पोरं आणि आबा. आबा डोळे मिटून ऐकतात. झोपले असं वाटतं. एका कादंबरीकारांनी उसाच्या फडातलं प्रेमाचं पान मोठ्या तयारीने वाचलं. आबांनी डोळे उघडून विचारलं, ‘ऊस कंचा म्हनायचा ह्यो? ८६०३२ का २६५?’ त्यांना सांगता येईना. पुढच्या खर्ड्यात उसाची जात आली होती, आणि त्या जातीचा ऊस किती उंच होतो त्यावरून पुढचा अख्खा प्रसंग बदलला होता.

अर्ज कसा करायचा?

चालू कामाची दहा पानं, काय करायचं आहे ते एका पानात, आणि कुठला महिना. हाताने लिहिलेलं चालतं. शिफारसपत्रं नकोत. पुरस्कारांची यादीही नको. काही आजार असेल, गोळ्या चालू असतील तर ते मात्र लिहा.

अर्ज गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंत घेतो. मी आणि कोल्हापुरात शिकवणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणी मिळून वाचतो. कोजागरीच्या आसपास फोन करून कळवतो, नाही म्हणायचं असलं तरी फोनच करतो. फोन आला नाही तर दोन दिवस थांबा. म्हैस व्यायली असेल.